हें धाडसच नव्हे!

थंडी पडूं लागली कीं आमच्या शहरांतील तरुण मंडळी शनिवारीं सायंकाळीं गाड्या घेऊन बाहेर पडतात. कोणी पवना धरणाच्या कांठीं तंबू ठोकतात, कोणी भंडारदऱ्यास जातात, कोणी अलिबागेकडचा समुद्रकिनारा गांठतात. रात्रीं जेवणें होतात, गाणीं होतात, आणि मध्यभागीं शेकोटी पेटते. यांत वाईट असें कांहींच नाहीं. आठवडाभर कचेरींत किंवा दुकानाच्या गादीवर मान मोडून काम करणाऱ्या माणसानें एक रात्र उघड्या आकाशाखालीं काढावी, चार मित्रांनीं विस्तवाभोंवतीं बसून सुखदुःखाच्या गोष्टी कराव्या, हें आम्हांस इष्टच वाटतें. तेव्हां आजचा आमचा लेख शेकोटीविरुद्ध आहे असा ग्रह वाचकांनीं प्रारंभींच करून घेऊं नये. आमचा कटाक्ष आहे तो त्या शेकोटीभोंवतीं हल्लीं रूढ होऊं पाहणाऱ्या एका आचरट व जीवघेण्या खेळावर. बाटलींतील पेट्रोल विस्तवावर ओतून ज्वाळा उंच उडविणें, रॉकेल तोंडांत धरून मशालीवर फुंकणें, जळत्या ओंडक्यांवरून उड्या मारणें, सुगंधी फवाऱ्याचे डबे आगींत टाकून त्यांचा बार ऐकणें, आणि हें सर्व मोबाईलच्या कॅमेऱ्यांत टिपून जगास दाखविणें, यास आमच्या तरुणांच्या भाषेंत 'धमाल' म्हणतात. आम्ही त्यास दुसरें नांव देतों. तें मथळ्यांतच दिलें आहे.

गेल्या हिवाळ्यांतील एक प्रसंग सांगितल्यावांचून आमचें म्हणणें वाचकांच्या मनांत नीट उतरणार नाहीं. त्यांतील कोणाचें नांव अगर गांव आम्ही देत नाहीं. कारण दोष दाखविणें हा आमचा हेतु आहे, माणसें दाखविणें हा नव्हे. एका मित्राच्या लग्नापूर्वीं आठ-दहा तरुण एका तलावाकांठीं मुक्कामास गेले होते. लांकडें दंवानें भिजलीं होतीं व विस्तव नुसता धुमसत होता. तेव्हां एकानें मोटारसायकलींतून बाटलीभर पेट्रोल काढलें. पहिला शिंतोडा पडतांच ज्वाळा भडकली आणि सर्वांनीं टाळ्या पिटल्या. मग कोणाची ज्वाळा अधिक उंच जाते अशी पैज लागली. तिसऱ्या खेपेस ज्वाळा धारेवरून चढत थेट बाटलीच्या तोंडाशीं आली. ज्याच्या हातांत बाटली होती त्यानें घाबरून ती फेंकून दिली, आणि ती पडली समोर बसलेल्या एका मुलाच्या अंगावर. हा मुलगा पैजेंत नव्हता. तो मोबाईलवर चित्र घेत होता. त्याचें वय बावीस वर्षांचें. त्याची मान, छाती व उजवा हात भाजला. सात आठवडे तो रुग्णालयांत पडून होता. मांडीची कातडी काढून हातावर बसवावी लागली. तो जगला; परंतु उजव्या हाताचीं बोटें अद्याप पुरतीं मिटत नाहींत.

त्याचे वडील बाजारपेठेंतील एक सचोटीचे व्यापारी. त्यांनीं तें चित्र आमच्यापुढें ठेवलें व विचारलें, "वकीलसाहेब, गुन्हा कोणाचा समजायचा? ज्यानें बाटली टाकली तो पोर घाबरला होता. आणि माझा मुलगाही यांत हंसतो आहे, तें ऐकूं येतें." तें चित्र अवघ्या अर्ध्या मिनिटाचें आहे. आम्ही तें दोनदां पाहिलें. त्यांत हंसणें आहे, शिट्या आहेत, आकडे मोजणें आहे. 'पुरे' असें मात्र कोणीही एकदांही म्हटलेलें नाहीं.

त्या गृहस्थांच्या प्रश्नास कायद्याचें एक उत्तर आहे, तें आधीं देतों. असल्या प्रसंगीं मित्रमंडळींकडून एक बचाव हटकून पुढें येतो: 'जे जमले ते आपखुषीनें जमले, कोणावर जुलूम नव्हता.' हा बचाव वाटतो तितका भक्कम नाहीं. संमतीनें सोसलेल्या इजेबद्दल गुन्हा होत नाहीं हें तत्त्व १८६० च्या दंडविधानांत होतें, आणि १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २५ मध्यें तें कायम आहे. कायद्यानें स्वतः दिलेलें उदाहरण असें: दोघेजण करमणुकीखातर तलवारीचे हात करण्याचें ठरवितात, सरळपणें खेळतां खेळतां एकास इजा झाली तर दुसरा गुन्हेगार होत नाहीं. परंतु याच तत्त्वाच्या मर्यादा आमच्या तरुणांनीं लक्षांत ठेवाव्या. संमति देणारा अठरा वर्षांवरील असला पाहिजे. आपल्या कृत्यानें मृत्यु अगर जबर दुखापत होण्याचा संभव आहे हें करणारास ठाऊक असतां कामा नये. नशेमुळें ज्यास कृत्याचें स्वरूप व परिणाम उमगत नाहींत त्याची संमति कायदा संमति मानीत नाहीं. आणि मित्रांच्या मेळ्यांत जवळ बसणें म्हणजे अंगावर जळतें पेट्रोल घेण्यास रुकार देणें, असें आमच्या मतें कोणीही समंजस न्यायाधीश म्हणणार नाहीं.

उलट, त्याच संहितेचें कलम २८७ खास आगीविषयींच आहे. विस्तव किंवा ज्वालाग्राही पदार्थ यांच्याशीं अविचारानें वा हयगयीनें वागून दुसऱ्याच्या जिवास धोका उत्पन्न करणारास सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड, अगर दोन्ही शिक्षा त्यांत सांगितल्या आहेत. त्या कलमाचा उत्तरार्ध विशेष मननीय आहे. आपल्या ताब्यांतील विस्तवाचा पुरेसा बंदोबस्त न ठेवणारा मनुष्यही त्याच शिक्षेस पात्र धरला आहे. म्हणजे ज्यानें बाटली ओतली तो एकटाच नव्हे, तर ज्याच्या ताब्यांत ती शेकोटी होती तोही जबाबदार ठरूं शकतो. बेपर्वाईनें दुसऱ्यास जबर दुखापत झाली तर कलम १२५ अन्वयें तीन वर्षांपर्यंत, आणि मृत्यु ओढवला तर कलम १०६ अन्वयें पांच वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. 'गंमत' हा शब्द या कलमांत कोठेंही अपवाद म्हणून घातलेला नाहीं.

परंतु कोर्टाचा कोणताही निकाल त्या मुलाचीं बोटें मिटवूं शकत नाहीं. म्हणून हें उत्तर खरें असलें तरी अपुरें आहे. आमच्या मतें खरा दोष एकट्या हाताचा नसून त्या हाताभोंवतीं बसलेल्या वर्तुळाचा आहे. रानांत एकटा बसलेला मनुष्य विस्तवावर पेट्रोलची धार धरून ज्वाळा मोजीत बसत नाहीं. तो शहाण्यासारखा हात शेकतो आणि निजतो. हे खेळ पाहणारे असतात म्हणून होतात. टाळ्या हेंच या आगीचें खरें सरपण होय.

पेट्रोल हा पदार्थ काय आहे याचा विचार त्या वर्तुळांतील सुशिक्षितांनींही केलेला नसतो, हें अधिक शोचनीय. पेट्रोल स्वतः जळत नाहीं, त्याची वाफ जळते. आणि शून्याखालीं सुमारें ४० अंश सेल्सियस इतक्या गारठ्यांतही ती वाफ ठिणगीनें पेट घेऊं शकते. मग आमच्या मावळांतील थंडीची काय कथा! ही वाफ हवेपेक्षां तिपटीचौपटीनें जड असते. ती वर उडून जात नाहीं. जमिनीलगत पसरते, खळग्यांत सांठते, बसलेल्यांच्या पायांशीं येते, आणि डोळ्यांस दिसत नाहीं. तेव्हां ओतणारा ज्यास लांकूड पेटविणें समजतो, तें वस्तुतः वाफेचा भडका उडविणें असतें, आणि तो भडका वाफेच्या मागानें उलट बाटलीकडे धांवतो. ज्यांनीं लहानपणीं आजीस चुलींत रॉकेलाचे चार थेंब टाकतांना पाहिलें, त्यांस पेट्रोलही तसेंच वाटतें. परंतु रॉकेलाची वाफ पेटण्यास सामान्यतः ३८ अंशांहून अधिक उष्णता लागते. या दोहोंत जमीनअस्मानाचें अंतर आहे. आणि तापलेल्या निखाऱ्यांवर ओतलें तर रॉकेलही कांहीं भलेपणा दाखवीत नाहीं.

तोंडानें आग फुंकणारांची गोष्ट याहून वेगळी नाहीं. फुंकतांना एखादा घोट चुकून श्वासाबरोबर आंत गेला तर फुप्फुसांचा दाह होऊन मनुष्य दिवसेंदिवस अंथरुणास खिळतो. वैद्यकशास्त्रांत या विकारास आग खाणाऱ्यांच्या नांवानेंच ओळखतात. नायलॉन व पॉलिएस्टर यांचे कपडे आगींत वितळून कातडीस चिकटतात, आणि आमचे सहलीचे तरुण बहुधा याच कपड्यांत असतात. सुगंधी फवाऱ्याच्या डब्यांत बहुतकरून जळाऊ वायूच कोंडलेला असतो. नदींतून काढलेले ओले दगड चुलीभोंवतीं मांडले तर आंतील पाण्याची वाफ होऊन ते फुटतात व कपच्या उडतात. हें ज्ञान गूढ नाहीं. तें न मिळवितां खेळणें हाच दोष.

कोणी म्हणेल, 'पेट्रोल नसलें म्हणजे झालें.' त्यानें तैवानांतील २७ जून २०१५ ची रात्र आठवावी. तैपेईजवळच्या एका जलक्रीडा उद्यानांत रंगांचा मेळावा भरला होता. आमच्या रंगपंचमीचीच ती परदेशी आवृत्ति. मक्याच्या पिठाची रंगीत पूड जमावावर उधळली जात होती. हवेंत तरंगणारी ती पूड अकस्मात् पेटली. १५ माणसें प्राणास मुकलीं व सुमारें ५०० भाजलीं. पोळपाटावरचें पीठ निरुपद्रवी, पण हवेंत उधळलेलें पीठ आगीजवळ दारूसारखें वागतें. होळीच्या ज्वाळेवर मूठभर पूड फेंकून 'चमत्कार' दाखविणारांनीं हें ध्यानांत धरावें. आणि चढाओढीची हांव कोठवर नेते हें पाहावयाचें तर केरळांतील कोल्लम जिल्ह्याकडे पाहावें. १० एप्रिल २०१६ रोजीं पहांटे परवूर येथील पुट्टिंगल देवळांत आतषबाजीची स्पर्धा चालली असतां दारूच्या सांठ्याचा स्फोट झाला व शंभरांहून अधिक लोक मेले. जिल्हाधिकाऱ्यांनीं या स्पर्धेस परवानगी नाकारली होती. तेथील पैज व आमच्या तलावाकांठची पैज यांत फरक आकाराचा आहे, जातीचा नाहीं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें आपल्या देशांत दरवर्षीं १० लाखांहून अधिक लोक मध्यम वा गंभीर स्वरूपाचे भाजतात. त्यांत चुलीशीं राबणाऱ्या बायका आहेत, भट्टीशीं काम करणारे मजूर आहेत, अंगणांत खेळणारीं मुलें आहेत. त्यांस विस्तवाजवळ गरज नेते. त्यांच्या शेजारच्या खाटेवर केवळ मौजेखातर भाजलेला पदवीधर येऊन पडावा, याची त्या पदवीधराच्या मित्रांस शरम वाटली पाहिजे.

आतां दोन आक्षेपांचा परामर्श घेऊं. पहिला आक्षेप असा कीं विस्तवाभोंवतींचा खेळ ही आमची जुनी रूढि आहे. आम्ही विचारतों, कोणती रूढि? हुरड्याच्या दिवसांत सोलापूर-अहिल्यानगरकडे जाऊन शेतकऱ्याची आगटी पाहा. तो जमिनींत खळगा करतो, गोवऱ्या पेटवितो, ज्वाळा निवून निखारे होईपर्यंत थांबतो, आणि मगच कणसें भाजतो. रायगडच्या बाजूची पोपटी पाहा. मडक्यांत वालाच्या शेंगा व भांबुर्ड्याचा पाला भरून मडकें उपडें ठेवतात, भोंवतीं काटक्या व गवत रचून बेताची आग करतात, आणि कोणीतरी जाणता तिच्यावर नजर ठेवून असतो. ज्याचें खळें, गोठा व घर विस्तवापासून हाकेच्या अंतरावर आहे, तो विस्तवाची थट्टा करीत नाहीं. थट्टा सुचते ती ज्याच्या घरीं खटका दाबतांच शेगडी पेटते त्यास. होळीवरून उडी मारण्याची चाल कांहीं ठिकाणीं जुनी असेलही. पण शिमग्यांतील बीभत्स शब्दही जुनेच होते, आणि आमच्या आधींच्या पिढीच्या सुधारकांनीं त्यांविरुद्ध लेखण्या झिजविल्याच. शब्दानें कान विटाळतात. येथें तर देह जळतो.

दुसरा आक्षेप अधिक मानी आहे. 'तुम्ही तरुणांस भित्रे करूं पाहतां. धाडसावांचून राष्ट्र उभें राहत नाहीं.' राष्ट्रास धाडसी तरुण पाहिजेत यांत आमचा मतभेद असणें शक्यच नाहीं. म्हणूनच धाडस कशास म्हणावें याविषयीं आम्ही इतके काटेकोर आहों. १४ एप्रिल १९४४ रोजीं मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत 'फोर्ट स्टिकीन' नांवाच्या जहाजास आग लागली. पोटांत कापसाच्या गांठी होत्या आणि शेंकडों टन स्फोटकें होतीं. बंबवाले आगीशीं झगडत जागेवर उभे राहिले. दुपारीं चार वाजून गेल्यावर जहाजाचा स्फोट झाला, आणि मुंबई अग्निशमन दलाचे ६६ लोक कामावर असतां ठार झाले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात. ते आगीकडे गेले, तें आग लहान करण्यासाठीं. दुसऱ्याचा जीव वांचावा म्हणून. आमचे तलावाकांठचे वीर आगीकडे जातात, तें आग मोठी करण्यासाठीं. आपलें चित्र चांगलें यावें म्हणून. या दोहोंस एकच शब्द लावणें म्हणजे त्या ६६ जणांचा अपमान करणें होय. ज्या तरुणास आगीशीं सामना देण्याची खरोखर हौस असेल, त्यानें नागरी संरक्षण दलांत नांव नोंदवावें, आग विझविण्याचें शिक्षण घ्यावें. तेथें धाडसास पाहिजे तितका वाव आहे.

नुसता दोष देऊन थांबणें हें आमचें काम नव्हे; म्हणून कांहीं व्यवहार्य सूचना करतों. शेकोटी पेटविण्यापूर्वीं मंडळींपैकीं एकानें, आणि त्या रात्रीं मद्यास स्पर्श न करणाऱ्या एकानें, तिची जबाबदारी उघडपणें पत्करावी. काडी ओढण्यापूर्वीं पाण्याच्या दोन बादल्या व वाळूचें एक घमेलें शेजारीं असावें. शेकोटी तंबूंपासून व सुक्या गवतापासून चांगली दूर असावी. लांकूड ओलें असेल तर सुक्या काटक्या आणाव्या किंवा थंडी सोसावी. पेट्रोल, डिझेल व स्पिरिट यांस त्या जागेवर मज्जाव असावा. निजण्यापूर्वीं राख पाण्यानें कालवून विझवावी, आणि उबेसाठीं निखारे तंबूंत कदापि नेऊं नयेत; त्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूस वास नाहीं, रंग नाहीं, आणि निजलेला मनुष्य जागाही होत नाहीं.

इतक्यावरही अंगावरील कपडे पेटलेच तर धांवूं नये. जमिनीवर आडवें होऊन लोळावें, अगर इतरांनीं जाड सुती चादर किंवा घोंगडी लपेटून आग दडपावी. भाजलेल्या भागावर वीस मिनिटें वाहतें गार पाणी धरावें. अंगठी, कडें, घड्याळ सूज येण्यापूर्वींच काढावें. चिकटलेला कपडा ओढूं नये. बर्फ, दंतमंजन, हळद, तूप यांपैकीं कांहीं लावूं नये. स्वच्छ फडक्यानें झांकून रुग्णालय गांठावें. रुग्णवाहिकेसाठीं १०८, अग्निशमन दलासाठीं १०१ व कोणत्याही संकटासाठीं ११२ हे क्रमांक प्रत्येकास पाठ असावे.

आमच्या व्यापारी बंधूंसही दोन शब्द. जे तंबूंच्या मुक्कामाचा धंदा करतात, त्यांनीं शेकोटी भाड्यानें द्यावयाची तर तिच्याबरोबर एक जाणता माणूस व विझविण्याचें साधनही द्यावें; त्याचा खर्च दरांत धरावा, कोणी कुरकुर करणार नाहीं. पंपावर बाटली पुढें करणाऱ्या तरुणास पेट्रोल देऊं नये. त्या चार पैशांच्या विक्रीनें कोणाची पेढी उभी राहिलेली नाहीं. आपल्या नोकरांच्या वर्षअखेरच्या मेळाव्यांत असले खेळ ठेवणाऱ्या मालकांनीं कलम २८७ एकदां स्वस्थपणें वाचावें. आणि आईबापांनीं मुलगा सहलीस निघतांना 'जपून जा' एवढेंच न म्हणतां, 'कोणी आगीशीं खेळूं लागला तर तूं काय करशील?' असेंही विचारावें.

१९४७ सालीं आम्हांस स्वराज्य मिळालें. त्यापूर्वीं आमच्या प्रत्येक अविचारास परक्या सरकारचा दंडुका आडवा येई, आणि आम्ही त्या दंडुक्यास दोष देत असूं. आतां तो सबब उरलेला नाहीं. प्रत्येक तलावाकांठीं शिपाई उभा करणें कोणत्याही सरकारास शक्य नाहीं, आणि शक्य असलें तरी तें आम्हांस भूषणावह नाहीं. जो समाज स्वतःच्या दहा मित्रांचें वर्तुळ आवरूं शकत नाहीं, त्यानें राष्ट्र चालविण्याच्या गोष्टी कोणत्या तोंडानें कराव्या? चारचौघांच्या हंशापुढें एकट्यानें उभें राहून नको म्हणणें, याला खरी छाती लागते. ज्वाळेवरून उडी मारणारास ती लागत नाहीं. त्याच्यामागें सर्वांच्या टाळ्या असतात.

ज्या गृहस्थांचा उल्लेख आम्हीं वर केला, त्यांस आम्हीं कायद्याची सर्व बाजू समजावून सांगितली. ते बराच वेळ स्वस्थ बसले, आणि मग म्हणाले, "फिर्यादीचें काय तें मुलाशीं बोलून ठरवीन. आधीं आपण हें छापा." त्यांच्या शब्दाप्रमाणें आम्ही हें छापीत आहों. त्या अर्ध्या मिनिटांत आठ-दहा सुशिक्षित तोंडांपैकीं एकानें 'पुरे' हा दोन अक्षरांचा शब्द उच्चारला असता, तर आज तो मुलगा बापाशेजारीं गादीवर बसून स्वतःच्या उजव्या हातानें खतावणी लिहीत असता.